कोंबडीची जात विचारावी

गेल्या महिन्यांत शाळा सुटल्यावर आमच्या गांवचे एक सुतार मिस्त्री आम्हांकडे आले. रंध्याचा भुसा अजून अंगावर होता. त्यांचा मुलगा आमच्या सातवीच्या वर्गांत आहे. "गुरुजी," ते म्हणाले, "पोरगं म्हणतंय, कोंबड्या पाळतो, माझा मी धंदा करतो. बाजारात एक माणूस कडकनाथाची पिल्लं देतोय. शंभर घेतली तर अंडी तोच परत घेणार, तसा कागद लिहून देतो म्हणतो. घरात बचत गटाचं कर्ज निघतंय. काढू का?"

काढूं नका, असें आम्हीं सांगितलें. परंतु शाळामास्तरानें नुसतें नको म्हटल्यानें काम भागत नाहीं. मुलाच्या मनांत आलेला हुरूप खरा आहे, आणि तो वायां जाऊं देणें हाहि एक तोटाच आहे. बारा वर्षांचें पोर आपण होऊन म्हणतें कीं मी कांहीं तरी वाढवीन, विकीन व त्याचा हिशोब ठेवीन, तर त्याला वाट दाखविणें आईबापांचें व गुरुजींचें काम आहे. प्रश्न एवढाच कीं त्याच्या हातीं कोणती कोंबडी द्यावी. माणसाची जात विचारूं नये असें आमच्यासारखीं पत्रें वर्षानुवर्षें सांगत आलीं. कोंबडीची मात्र अवश्य विचारावी. तिच्या जातीवर तिचें खाणें, तिचीं अंडीं, तिचें बसणें आणि पुष्कळदां तिचें मरणेंहि अवलंबून असतें.

आधीं कडकनाथाचेंच बोलूं. हा पक्षी मध्यप्रदेशांतील झाबुआ व अलीराजपूर भागांतला. तेथील भिल्ल व भिलाला लोकांनीं तो पिढ्यानपिढ्या सांभाळला. पिसें काळीं, कातडी काळी, मांस व हाडेंहि काळसर. २०१८ सालीं झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालें आणि त्याचें नांव अधिकच वाजूं लागलें. पक्षी काटक आहे, त्याच्यांत खोट नाहीं. पण तो अंगानें लहान, वाढीला सावकाश. त्याची मादी अंडीं थोडीं देते आणि अंड्यांवर बसण्याची तिला फारशी आवड नाहीं. त्याला जो मोठा भाव येतो तो गिऱ्हाईक असेल तेथेंच. आमच्या आठवडेबाजारांत काळें मांस मागणारा माणूस आम्हीं तरी अजून पाहिला नाहीं. मग हा भाव देणार कोण? तर ज्यानें पिल्लें विकलीं तोच! मेख आहे ती येथें.

२०१९ सालीं सांगली जिल्ह्यांतून कडकनाथाचें जें प्रकरण उघडकीस आलें तें लोक इतक्यांत विसरले कीं काय न कळे. पैसे आगाऊ भरा, पिल्लें आमचीं घ्या, अंडीं व पक्षी चढ्या भावानें आम्हीच परत घेऊं, असा वायदा होता. शेजाऱ्यानें घेतलीं म्हणून शेजारी गेला, पाहुण्यानें घेतलीं म्हणून पाहुणा गेला. पुढें घेणारा नाहींसा झाला. खाद्य आणावें तर पैसा नाहीं, पक्षी विकावे तर गिऱ्हाईक नाहीं. हजारों शेतकरी घरांचे पैसे अडकले. यांत कोंबडीचा कांहीं अपराध नव्हता. पिल्लें देणारा एकच, खाद्य देणारा तोच, माल घेणारा तोच आणि कागद लिहिणाराहि तोच, अशी ज्या धंद्याची रचना असते त्यांत आपली मान दुसऱ्याच्या मुठींत असते. मोठ्या माणसानें एक वेळ पत्करावें. पोराच्या पहिल्या धंद्याला असा फांस घालूं नये. मिस्त्रींना आम्हीं विचारलें कीं, त्या कागदावर भाव पडला तर काय करावें तें लिहिलें आहे काय? घेणारा आलाच नाहीं तर कोणत्या कचेरींत जावें तें लिहिलें आहे काय? ते म्हणाले, "कागद अजून पाहिलाच नाही."

ब्रॉयलरचें थोडक्यांत सांगतों. सुमारें चाळीस दिवसांत दोन किलोपर्यंत भरणारा हा पक्षी विकतच्या खाद्यावर, बंद छपरांत, रात्रंदिवस देखरेखीखालीं वाढतो. उकिरडा उकरून पोट भरणें त्याला ठाऊक नाहीं. एक दिवस वीज गेली, पाणी चुकलें, कीं सकाळीं खच पडतो. शाळेंत जाणाऱ्या पोराचें तें काम नव्हे. पांढरी लेगहॉर्नहि तशीच. इटलीच्या लिव्होर्नो बंदराला इंग्रज लेगहॉर्न म्हणत, त्यावरून तिचें नांव पडलें. मोठाल्या फार्मांवर तिच्या वंशाच्या कोंबड्या वर्षाला अडीचशेंच्या वर अंडीं देतात. परंतु मोजून-मापून खाद्य दिलें तर. तीं पांढरीं अंडीं ट्रकानें येऊन आपल्याच गांवच्या किराणा दुकानांत पडतात. त्यांच्याशीं दहा कोंबड्यांच्या मालकानें भावाची टक्कर काय म्हणून घ्यावी?

कित्येक मुलांना असील कोंबड्याचें वेड असतें. मान ताठ, पाय लांब, नजर पैलवानाची! पण त्याची मादी अंडीं अगदीं बेताचीं देते, आणि नराची किंमत जी होते ती बहुधा झुंजीसाठीं. झुंज लावणें १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे, आणि तिच्या भोंवतीं जी जुगारी मंडळी जमते तिच्यांत आपलें पोर उभें राहावें असें कोणा आईबापांना वाटेल? असीलाची मादी आई म्हणून चांगली असते, एवढा तिचा गुण मात्र मान्य करावा लागतो.

आतां आपल्या दारची गांवरान. हिला कोणी जाहिरात करून विकत नाहीं, म्हणून तिची किंमत नाहीं असें लोकांस वाटतें. वर्षाला ती पन्नास-साठ अंडीं देते, तींहि लहान. हा तिचा उणेपणा. पण तिच्या बाजूनें किती गोष्टी आहेत त्या पाहा. अंगण, परसू, उकिरडा, खळें येथें हिंडून किडे, गवत, सांडलेले दाणे वेंचून ती अर्धेंअधिक पोट स्वतः भरते. घार दिसली कीं ओरडते, झाडावर चढते, मुंगुसाच्या आधीं पळते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ती खुडूक होते. दहा-बारा अंडीं तिच्याखालीं ठेवलीं कीं एकवीस दिवस ती स्वतःच्या अंगाची ऊब देते, पिल्लें निघाल्यावर पंखाखालीं घेते, काय खावें आणि कोणाला भ्यावें तें शिकविते. विजेचा दिवा नको, उबवणीचें यंत्र नको, रात्रीं उठून पाहणें नको. मुलाच्या धंद्याला लागणारें निम्मेंअधिक भांडवल असें त्या एका कोंबडीच्या पोटाखालीं असतें. दुसऱ्या वर्षीं पिल्लांसाठीं कोणाच्या दारीं जावें लागत नाहीं, हें तर वेगळेंच.

सुधारलेल्या जाती वाईट आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. बंगळुरूच्या कृषि विद्यापीठांत तयार झालेली गिरिराज, हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराज व ग्रामप्रिया, अमेरिकेंतून आलेली तांबडी रोड आयलंड रेड (तिला आपल्याकडे सर्व जण आर.आय.आर. म्हणतात), ऑस्ट्रेलियांतली काळी ऑस्ट्रॉलॉर्प, या परसांत वाढूं शकतात. रंगीत असल्यामुळें बाजारांत त्यांच्या नराला पांढऱ्या पक्ष्यापेक्षां बरा भाव येतो. पुण्याजवळ खडकी, कोल्हापूर, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथें सरकारचीं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रें आहेत. अशा सुधारित जातींच्या पिल्लांची चौकशी आधीं तेथें करावी, रस्त्यावरच्या टेंपोवाल्याकडे मागाहून. ऑस्ट्रॉलॉर्पच्या एका कोंबडीनें ३६५ दिवसांत ३६४ अंडीं दिल्याचा विक्रम नोंदलेला आहे. विकणारा तो आंकडा मोठ्या आवाजांत सांगतो. तसली कोंबडी आपल्या उकिरड्यावर निपजत नाहीं, हें ऐकणारानें स्वतःशीं म्हणावें.

आमच्या वर्गांत या जातींचें गणित आम्हीं फळ्यावर घातलें होतें, तें येथें देतों. केंद्रांतून वीस पिल्लें आणलीं. पिल्लें नर-मादी मिसळून येतात. दोन-तीन दगावतीलच, उरलेल्यांत अर्धे नर धरले तर माद्या राहिल्या नऊ. त्या प्रत्येकीनें वर्षाला १३० अंडीं दिलीं तर झालीं ११७०. नऊ गांवरान कोंबड्यांचीं, प्रत्येकीं ५५ प्रमाणें, ४९५. म्हणजे ६७५ अंडीं जास्त. पोरें खुष झालीं. मग खाण्याचा हिशोब काढला. सुधारलेली कोंबडी कोंडून ठेवली तर रोज ११० ग्रॅम खाते. नऊंना दिवसाला सुमारें एक किलो, वर्षाला ३६० किलो. गांवरानला बाहेर हिंडून वरून ३५ ग्रॅम दाणा पुरतो. नऊंचा वर्षाचा ११५ किलो. फरक २४५ किलोचा. म्हणजे जें एक अंडें जास्त मिळालें त्याच्यामागें साडेतीनशें ग्रॅमांवर विकतचें खाद्य गेलें. तें खाद्य तुमच्या तालुक्यांत काय भावानें मिळतें आणि अंडें काय भावानें जातें, हें प्रत्येक मुलानें स्वतः बाजारांत विचारून उत्तर लिहावें. कोणाला नफा निघेल, कोणाला तोटा. घरीं कण्या, कोंडा, मक्याची चुरी असेल आणि कोंबड्या मोकळ्या चरत असतील तर पारडें सुधारलेल्या जातीकडे झुकेल. सारेंच विकत आणणें असेल तर नाहीं. आमच्या वर्गांतल्या तेलीकाम करणाऱ्या एका घरच्या मुलानें मात्र असा प्रश्न विचारला कीं आम्ही फळ्याकडे पाहतच राहिलों. "गुरुजी, त्या आठ-नऊ नरांनी चार महिने काय खाल्लं ते कुठं धरलं?" तें धरलेलें नव्हतें!

दुसरी अडचण अशी कीं गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया हे संकर आहेत. त्यांच्याच अंड्यांतून घरीं काढलेल्या पिल्लांत आईबापांचा गुण पुरता उतरत नाहीं. शिवाय या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहींत. म्हणून दर वेळीं पिल्लें बाहेरून आणणें आलें. आर.आय.आर. व ऑस्ट्रॉलॉर्प या मूळच्या जाती असल्यानें त्यांचाच नर व त्यांचीच मादी ठेवली तर वंश तसाच राहतो, पण त्यांच्याहि अंड्यांना ऊब देणारी दुसरीच लागते.

तेव्हां आमचें मत असें पडतें. पहिल्या वर्षीं मुलाला दोन-तीन गांवरान कोंबड्या द्याव्या, आणि त्यांतली एक खुडूक झाली कीं तिच्याखालीं निम्मीं अंडीं घरचीं व निम्मीं चांगल्या आर.आय.आर.चीं ठेवावीं. सातव्या दिवशीं अंधाऱ्या खोलींत बॅटरीपुढें अंडें धरलें तर आंत तांबड्या शिरांचें जाळें दिसतें. ज्यांत कांहींच दिसत नाहीं तीं काढून घ्यावीं. कोंबडी बसण्याआधीं राखेंत लोळली तर लोळूं द्यावी, तिच्या उवा जातात. एक वर्ष असें गेलें, वहींत हिशोब उतरला, मग पोराला आपोआप कळेल कीं आपल्या घरीं कोणती जात चालते. संख्या दहा-बाराच्या पुढें नको. शंभर कोंबड्या म्हणजे शंभर पटीनें शिकणें नव्हे, आणि सकाळची प्रार्थना चुकवून खुराडें झाडणारें पोर आम्हांला नको आहे.

हंगामाचेंहि पाहावें. फाल्गुनांत निघालेलीं पिल्लें आषाढांत चार महिन्यांचीं होतात. आखाडांत कोंबड्याला जो भाव असतो तो श्रावण लागतांच खालीं येतो, हें सांगायला बाजारपंडित नको. नर आखाडांत विकावे, आणि तलंगा ठेवाव्या. त्या हिंवाळ्याच्या तोंडीं अंड्यावर येतात, तेव्हां अंड्याला मागणी असते. कवच पातळ येऊं लागलें तर शिंपल्यांची भुकटी द्यावी. आणि एक गोष्ट पोराला पहिल्याच दिवशीं बजावून सांगावी: आर.आय.आर.चें तांबूस अंडें गांवरान म्हणून विकावयाचें नाहीं. कवचाचा रंग जातीचा असतो, त्यानें पौष्टिकपणा वाढत नाहीं कीं घटत नाहीं. पण गिऱ्हाईक गांवरानचे जास्त पैसे देतें तें विश्वासानें. ज्यानें पहिल्या पांच रुपयांसाठीं खोटें सांगितलें, त्याला मोठेपणीं कडकनाथाचा कागद लिहावयास वेळ लागत नाहीं.

कोंबड्या मरतात त्या बहुतेक मानमोडीनें. सरकारी भाषेंत तिला राणीखेत म्हणतात. कुमाऊंतील राणीखेत गांवावरून हें नांव आलें. हगवण, धाप, मान वांकडी, आणि दोन दिवसांत खुराडें रिकामें. तिला औषध नाहीं, लस आहे. पिल्लूं पांच-सात दिवसांचें असतां लासोटा लशीचा थेंब डोळ्यांत व आठव्या आठवड्यांत दुसरी लस टोंचून, एवढ्यानें बहुतेक काम होतें; देवीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारून घ्यावी. अडचण अशी कीं कुपी येते ती शंभर-दोनशें पक्ष्यांची, आणि पाण्यांत कालवल्यावर ती तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या मालकानें एकट्यानें ती आणून काय करावी? म्हणून साऱ्या आळीनें एक दिवस ठरवावा. कुंभारवाडा, माळआळी, महारवाड्याचा बौद्धवाडा झाला तो, सारीं खुराडीं एकाच सकाळीं उघडावीं. रोग कांहीं आळीची वेस पाहून थांबत नाहीं. आमच्या शाळेनें हें काम अंगावर घेतलें आहे; इतर गांवच्या गुरुजींनीं घ्यावें. आणि कोंबड्या अचानक पटापट मरूं लागल्या तर मुलांना जवळ जाऊं देऊं नका, मेलेला पक्षी ओढ्यांत टाकूं नका, कापून तर मुळींच खाऊं नका, दवाखान्याला कळवा. २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हां भोंवतालचे लाखों पक्षी मारून पुरावे लागले.

हें सारें झालें कोंबडीच्या जातीविषयीं. आतां घरच्या जातीविषयीं, म्हणजे घरांतल्या मोठ्यांच्या वागण्याविषयीं, लिहिल्याखेरीज राहवत नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या सहावींतल्या एका मुलीला तिच्या आजीनें खुडूक कोंबडी दिली. घर कुंभाराचें. अकरा अंडीं ठेवलीं, नऊ पिल्लें निघालीं, दोन घारीनें नेलीं. सात वांचलीं, चार नर, तीन तलंगा. मुलीनें वहींत सारें मांडलें: तारीख, दाणा, कोणतें पिल्लूं केव्हां गेलें. आखाडांत दोन नर विकले ते पैसे भावाच्या गाईडाला गेले. तिसरा जत्रेला कापला. दिवाळींत पाहुणे आले, तेव्हां जी तलंग नुकतीच अंड्यावर आली होती तीच वडिलांनीं धरली. दुसऱ्या दिवशीं मुलीनें वहींत लिहिलें: "पाहुणे. १ कोंबडी. रुपये ०." ती वही तपासायला आमच्याकडे आली, आणि लाल पेन हातांत असून आम्हांला कांहीं लिहितां येईना.

वडील वाईट मनुष्य नव्हेत. चाकावर दिवसभर राबणारा माणूस, दारीं पाहुणा, घरांत दुसरें कांहीं नाहीं. पण त्यांना आम्ही म्हणालों, "अहो, तुमच्या चाकावरची घागर कोणी अशी उचलून नेली तर तुम्ही काय कराल?" ते बराच वेळ बोलले नाहींत. पुढच्या बाजारीं त्यांनीं मुलीच्या हातावर त्या कोंबडीचे पैसे ठेवले. पुरे नव्हते, पण ठेवले. तिनें शून्य खोडून आंकडा लिहिला. मुलगा असता तर त्याचे पैसे बहिणीच्या वह्यांना गेले असते काय, हा प्रश्न आम्हीं त्या दिवशीं विचारला नाहीं, आज विचारतों. कोंबड्या पोराला द्यावयाच्या असतील तर खुराड्याची मालकी, वही व पैसे हीं तिन्ही त्याचीं किंवा तिचीं असावीं. घरीं कोंबडी लागली तर बाजारभावानें विकत घ्यावी. हें ज्या घरीं होणार नाहीं तेथें गिरिराज आणा कीं गांवरान आणा, जातीचा विचार करण्याचें कारण नाहीं.

मिस्त्रींनीं कर्ज काढलें नाहीं. बाजारांतला तो माणूस पुन्हां दोनदां येऊन गेला म्हणतात. मिस्त्रींनीं उरल्यासुरल्या फळ्यांचें खुराडें केलें, जमिनीपासून दीड हात उंच, मुंगुसासाठीं खालीं पत्र्याची पट्टी मारलेली. असें खुराडें आमच्या गांवांत दुसरें नाहीं. मुलाच्या चुलतीची कोंबडी खुडूक झाली होती, ती मागून आणली. माघ संपतां संपतां तिच्याखालीं बारा अंडीं ठेवलीं, सहा घरचीं व सहा आर.आय.आर.चीं. सातव्या दिवशीं बॅटरीपुढें धरलीं तेव्हां तीन रिकामीं निघालीं. मुलाचें तोंड उतरलें, पण त्यानें तीं वहींत लिहिलीं. उरलेल्या नऊंचा एकविसावा दिवस येत्या मंगळवारीं आहे. त्या सकाळीं शाळेंत तासभर उशिरां येऊं काय, असें त्यानें विचारलें आहे. आम्हीं परवानगी दिली आहे.